उंच भाताला नावे ठेवू नका

गेल्या वर्षी एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. नववीतल्या दोन मुलींनी भाताविषयी तक्ते केले होते आणि तक्त्यांपुढे भाताच्या दोन पेंढ्या भिंतीला टेकवून उभ्या ठेवल्या होत्या. एक पेंढी त्यांच्या खांद्याच्याही वर जाणारी, दुसरी जेमतेम कमरेला लागणारी. उंच पेंढीवर चिठ्ठी होती, 'मागासलेले भात'. बुटक्या पेंढीवर, 'प्रगत भात'.

मुली हुशार होत्या. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांनी धिटाईने दिली आणि बक्षीसही मिळवले. त्यांच्या गुणपत्रिकेवर सही मीच केली. पण घरी येताना त्या दोन चिठ्ठ्या काही डोक्यातून जाईनात. दोष त्या मुलींचा नाही. आपण मोठी माणसेच तसे बोलतो. 'सुधारित' म्हणजे बुटके आणि 'गावठी' म्हणजे उंच, अशी आपल्या जिभेला सवय लागली आहे. मला ही सवय चुकीची वाटते. ती का चुकीची वाटते हे सांगायचे तर भाताच्या धाटात शिरावे लागेल. त्यासाठी थोडे जनुकशास्त्र लागेल आणि थोडा इतिहास. मेंडेलचे वाटाणे तुम्ही शिकला असालच. तेवढी शिदोरी पुरे आहे.

पण आधी बुटक्या भाताचे जे श्रेय आहे ते त्याला देऊन टाकू.

कोकणात किंवा मावळात ज्यांचे घर आहे त्यांना परतीचा पाऊस ठाऊक असेल. ऑक्टोबर महिना, भात पिवळे पडू लागलेले, लोंब्या दाण्यांनी वाकलेल्या, आणि एका दुपारी आभाळ भरून येते. तासभर वाऱ्यापावसाचा धिंगाणा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी खाचराकडे गेलात तर पीक चटई अंथरल्यासारखे आडवे पडलेले दिसते. याला भात लोळणे म्हणतात. लोळलेल्या भाताच्या लोंब्या चिखलात रुततात, दाण्यांना जागच्या जागी मोड येतात, उंदरांची चंगळ होते आणि कापणाऱ्याची कंबर मोडते. माझ्या आजोळी दोनतीन वर्षांत एकदा तरी असे होई. आजी त्यावर फारसे बोलत नसे. ओल्या लोंब्या पडवीत पसरून घाली आणि रात्रभर चूल पेटती ठेवी.

भात का लोळते? एक लांब काठी घ्या, तिच्या टोकाला पाण्याने भरलेला तांब्या अडकवा आणि दुसरे टोक हातात धरून काठी तिरपी करा. आता तीच काठी निम्म्यावर धरून पाहा. वजन तेवढेच, पण मनगटावरचा ताण निम्मा झाला! उंच भाताच्या बुंध्याची स्थिती पहिल्या मनगटासारखी असते. त्यात नत्रखत घातले म्हणजे आणखी पंचाईत. खताने दाणे वाढावेत ही आपली अपेक्षा. पण उंच भात ते खत खाऊन आधी आणखी उंच होते, पाने लुसलुशीत होतात, आणि दाणे पुरते भरण्याआधीच सगळे आडवे होते. १९५० नंतरच्या दशकात आशियातल्या भातसंशोधकांपुढे हीच गाठ होती. खत होते, पाणीही ठिकठिकाणी येत होते, खाणारी तोंडे भराभर वाढत होती. पण भाताचे धाट त्या खताचा भार सोसायला तयार नव्हते.

आता हे धाट वाढते कसे ते पाहू. श्रावणात खाचरात उभे असलेले हिरवेगार भात तुम्हाला दिसते, तेव्हा जे खोडासारखे वाटते ते खरे खोड नसते. पानांचे तळ एकमेकांभोवती गुंडाळून झालेला तो गुंडाळा असतो. खरे खोड बुंध्याशी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत दबून बसलेले असते. त्याची पेरे एकावर एक इतकी खेटून असतात की दोन पेरांमधले कांडे जवळजवळ नसतेच. भात पोटरीत येऊ लागले की वरची चारपाच कांडी लांबायला लागतात. प्रत्येक कांड्याच्या तळाशी, पेराच्या लगत, वाढणाऱ्या पेशींचा एक पट्टा असतो. तिथे पेशी विभागतात, मग प्रत्येक पेशी लांब होते, आणि सबंध कांडे दुर्बीण उघडावी तसे वर सरकते. सर्वांत वरचे कांडे सर्वांत लांब. लोंबीला पोटरीतून बाहेर काढण्याचे काम तेच करते. थोडक्यात, भाताची उंची म्हणजे या चारपाच कांड्यांच्या लांबीची बेरीज, आणि लोंबीची भर.

ही कांडी किती लांबावीत याचा हुकूम कोण देतो? याचे उत्तर एका रोगामुळे मिळाले. जपानमध्ये भाताला एक रोग होतो. रोगट रोपे आजूबाजूच्या रोपांपेक्षा उंच, बारीक आणि फिकट होतात, आणि बहुधा दाणे न धरताच मरतात. जपानी शेतकरी त्याला 'बाकानाए' म्हणतात, म्हणजे 'वेडे रोप'. १९२६ साली तैवानमध्ये काम करणाऱ्या एईची कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने दाखवून दिले की या रोगाची बुरशी ज्या द्रवात वाढवली तो द्रव गाळून, बुरशी पूर्ण काढून टाकून, नुसता रोपांना दिला तरी रोपे तशीच वेड्यासारखी वाढतात. म्हणजे बुरशी कसला तरी पदार्थ सोडत होती. तेइजिरो याबुता यांनी १९३५ साली त्या पदार्थाला 'जिबरेलिन' हे नाव दिले, आणि १९३८ साली याबुता व सुमिकी यांनी त्याचे स्फटिक मिळवले. पुढे कळले की हा पदार्थ बुरशीच्या एकटीच्या मालकीचा नाही. निरोगी वनस्पतीही स्वतःसाठी जिबरेलिने तयार करतात, फक्त बेताने. वाढीचा हुकूम नेणारे हे त्यांचे संप्रेरक आहे.

हुकूम पोचतो कसा, तेही आता बरेचसे उलगडले आहे. पेशीत एक प्रथिन असते, त्याचे काम वाढीला लगाम घालणे. जिबरेलिन आले की ते आधी एका दुसऱ्या प्रथिनाला चिकटते. नागोया विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २००५ साली हे दुसरे प्रथिन भातातच प्रथम शोधले. ही जोडी मग लगामाच्या प्रथिनाला पकडते आणि पेशी त्या लगामाचे तुकडे करून टाकते. लगाम सुटला की वाढ सुरू. जिबरेलिन कमी असेल तर लगाम शिल्लक राहतो आणि कांडे आखूड राहते.

जिबरेलिन पेशीत एकदम तयार होत नाही. एका रेणूतून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, अशा बऱ्याच पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर एकेक एंझाइम काम करते. कोणते एंझाइम कसे घडवायचे त्याचा मजकूर जनुकात असतो. मेंडेलने ज्या उंच आणि बुटक्या वाटाण्यांची गणिते १८६६ साली प्रसिद्ध केली, त्यांचे रहस्य १९९७ साली उलगडले. बुटक्या वाटाण्यात या साखळीच्या अगदी शेवटच्या पायरीवरचे एंझाइम नीट काम करत नाही. पाठ्यपुस्तकात तुम्ही मोठा टी आणि लहान टी लिहिता ना, त्या दोन अक्षरांमागे हे एंझाइम उभे आहे. गुण मिळवायला एवढी अक्षरे पुरतात, पण मला वाटते की या एंझाइमची एक ओळ पुस्तकात असायला हरकत नव्हती.

भाताच्या बुटकेपणाचे रहस्य याच साखळीत, शेवटून दुसऱ्या पायरीवर होते. पण ते कळण्याच्या चाळीस वर्षे आधीच त्याचा उपयोग करून झाला होता.

तैवानमध्ये एक बुटके भात होते. त्याचे नाव 'डी जिओ वू जेन', म्हणजे सुमारे 'आखूड पायांचे, काळ्या टोकाचे'. त्याचा संकर करून १९५६ साली तिथे 'ताइचुंग नेटिव्ह १' हे वाण तयार झाले. इकडे १९६० साली फिलिपिन्समधील लॉस बान्योस येथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. १९६२ साली पीटर जेनिंग्ज यांनी तिथे ३८ संकर केले. त्यांतला आठवा संकर 'पेटा' या इंडोनेशियातील उंच भाताचा आणि या आखूड पायांच्या भाताचा होता. त्यातून १३० बिया मिळाल्या. त्यांची सगळी रोपे उंच निघाली. त्या रोपांच्या बियांपासून दुसऱ्या पिढीची सुमारे दहा हजार रोपे वाढवली, तेव्हा त्यांतली साधारण एक चतुर्थांश बुटकी होती. तीनास एक! मेंडेलच्या बागेतला हिशेब फिलिपिन्सच्या चिखलात जसाच्या तसा उतरला. भाताच्या उंचीवर शेकडो जनुकांचा परिणाम होतो हे खरे. पण इथे एकाच जनुकाने एवढा मोठा फरक पडत होता, आणि म्हणून निवड करणे सोपे होते. हेन्री बीचेल यांनी पुढील पिढ्यांतून एक ओळ निवडली, आणि नोव्हेंबर १९६६ मध्ये 'आय आर ८' हे वाण शेतकऱ्यांच्या हाती आले. मीटरभर उंचीचे, ताठ, भरपूर फुटव्यांचे. चाचणीत भरपूर नत्र देऊन हेक्टरी ९ टनांच्या वर उत्पन्न निघाले, आणि पीक उभेच होते.

भारतात ताइचुंग नेटिव्ह १ त्याच्या थोडे आधी आले होते. ते करपा रोगाला लगेच बळी पडू लागले. पण त्याचा ओडिशातील 'टी १४१' या उंच भाताशी संकर करून १९६८ साली 'जया' तयार झाले. जया तुमच्या घरच्यांना नक्की ठाऊक असेल. कोकणात आणि गोव्यात जयाने किती कणगी भरल्या असतील त्याला गणती नाही. १९६५-६६ साली भारतात तांदळाचे उत्पादन सुमारे ३ कोटी टन होते. अलीकडे ते १३ कोटी टनांच्या वर गेले आहे. याचे श्रेय एकट्या जनुकाला देता येत नाही. कालवे, विहिरी, खते, कीटकनाशके आणि शेतकऱ्याचे कष्ट या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. तरी आखूड धाट नसते तर ते खत पचले नसते. जुन्या उंच भातात जमिनीवरच्या एकूण वाळल्या वजनापैकी सुमारे तीन दशांश दाणे असत; बुटक्यात ते निम्म्यापर्यंत गेले. हा फरक लहान नव्हे.

आता कथेतला मजेदार भाग. २००२ साली जपान व ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी, स्वतंत्रपणे आणि जवळजवळ एकाच वेळी, हे जनुक शोधून काढले. ते भाताच्या पहिल्या गुणसूत्रावर आहे. आखूड पायांच्या तैवानी भातात त्या जनुकाच्या मजकुरातली ३८३ अक्षरे गळालेली होती! अक्षरे गळाल्यामुळे एंझाइम धड बनत नाही, जिबरेलिनची साखळी त्या पायरीवर अडखळते, आणि कांडे आखूड राहते. अशा बुटक्या रोपाला बाहेरून जिबरेलिन दिले तर ते मुकाट्याने उंच होते. त्याचा हुकूम पाळण्याचा अवयव शाबूत आहे, हुकूमच कमी पडत होता. (गव्हाच्या बुटक्या वाणांत नेमके उलटे आहे. तिथे लगामच असा घट्ट बसला आहे की जिबरेलिन येऊनही तो सुटत नाही. पण गव्हाची गोष्ट पुन्हा केव्हातरी.)

पाहिलेत ना? 'बुटकेपणाचे जनुक' असे काही मुळात नाहीच. आहे ते उंचीला लागणारे जनुक, आणि बुटक्या भातात ते मोडलेले आहे. शास्त्रज्ञांनीही या जनुकाला नाव ठेवले ते 'एसडी १', म्हणजे 'अर्धखुजा १'. ज्याचे काम धाट वाढवणे, त्याचे नाव अर्धखुजा! जनुकांची नावे पुष्कळदा अशीच पडतात. एखादी गोष्ट बिघडली म्हणजेच ती होती हे आपल्याला कळते, आणि मग बिघाडाचे नावच तिला चिकटते. शास्त्रज्ञांना हे ठाऊक असते, म्हणून ते फसत नाहीत. पण आपण बाहेरची माणसे 'अमक्याचे जनुक सापडले' असे वर्तमानपत्रात वाचतो आणि त्या नावावर विश्वास ठेवतो. मला तर या नावात आणि प्रदर्शनातल्या त्या चिठ्ठ्यांत फारसा फरक दिसत नाही.

मोडलेल्या जनुकाने पिकाचे भले कसे झाले, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. भातात बुटके करणारे इतरही बिघाड आहेत. पण त्यांतल्या पुष्कळांत दाणे बारीक होतात किंवा लोंबी खुरटते. इथे तसे झाले नाही. कारण याच एंझाइमचे एक भावंड दुसऱ्या जनुकातून तयार होते आणि ते मुख्यतः फुलोऱ्यात काम करते. धाटातला कारागीर आजारी पडला, पण लोंबीतला धडधाकट राहिला. योगायोग म्हणा हवे तर. पुढे आणखी एक गोष्ट कळली. कॅलिफोर्नियात गॅमा किरणांनी उत्परिवर्तन घडवून १९७६ साली 'कॅलरोज ७६' हे बुटके वाण काढले होते. जपानमध्ये तसेच किरणे वापरून 'रेइमेइ' आणि स्थानिक भातातून 'जिक्कोकु' ही बुटकी भाते मिळाली होती. या सगळ्यांची जनुके तपासली, तेव्हा बिघाडाची जागा निरनिराळी निघाली, पण जनुक तेच! जगाच्या तीन कोपऱ्यांत, एकमेकांना न विचारता, माणसांनी एकाच कारागिराला रजा दिली होती.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग त्या मुलींनी चुकीचे काय लिहिले? बुटके भात आले आणि अन्न वाढले, हे तर तुम्हीच सांगता आहात.

आता बांगलादेशात चला. पावसाळ्यात तिथल्या मोठ्या सखल भागांत नद्यांचे पाणी पसरते आणि महिनोन्‌महिने उतरत नाही. पाण्याची खोली काही ठिकाणी माणूस बुडेल त्याच्याही पुढे जाते. तिथे आपले जया लावले तर आठवड्याभरात गुदमरून कुजेल. पण तिथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या एक वेगळे भात लावत आले आहेत. पाणी चढू लागले की ते भातही चढू लागते. दिवसाला २० ते २५ सेंटिमीटर! म्हणजे सकाळी पट्टी लावून ठेवली तर संध्याकाळी फरक डोळ्यांना दिसेल. धाट पोकळ असते. त्याचा शेंडा पाण्याबाहेर राहिला की हवा आतून मुळांपर्यंत पोचते. धाटाची लांबी काही मीटर होते, पाणी ओसरले की ते सगळे चिखलावर लोळते, आणि शेंडा तेवढा वळून उभा राहतो. लोळणे हा तिथे अपघात मानत नाहीत.

या भाताला पाणी चढल्याचे कळते कसे? वनस्पती इथिलीन नावाचा वायू सोडतात. आंब्याच्या अढीत जो कोंडला गेल्याने आंबे पिकतात, तोच. हवेत तो उडून जातो. पाण्याखाली मात्र धाटातच साचून राहतो. २००९ साली नागोयातील शास्त्रज्ञांनी या साचलेल्या इथिलीनला प्रतिसाद देऊन धाट लांबवणारी दोन जनुके खोल पाण्यातल्या भातात शोधली. आणि २०१८ साली त्याच भाताविषयी आणखी एक निबंध प्रसिद्ध झाला. इथिलीन साचले की एक प्रथिन एका विशिष्ट जनुकाला जागे करते, ते जनुक जिबरेलिन तयार करणारे एंझाइम मोठ्या प्रमाणावर बनवू लागते, आणि कांडी भराभर लांबतात. ते जनुक कोणते असेल? एसडी १! तेच, पहिल्या गुणसूत्रावरचे. ज्याला रजा देऊन लॉस बान्योसमध्ये आय आर ८ तयार झाले, त्यालाच जास्तीच्या कामाला लावून बांगलादेशातले शेतकरी पुरातून भात काढत आले.

आता सांगा, यातले प्रगत कोणते आणि मागासलेले कोणते? बुटक्या भाताच्या पेंढीवर 'प्रगत' लिहून ती या पुराच्या पाण्यात उभी करा, म्हणजे उत्तर मिळेल.

पुराशी झुंजण्याचा उंच होणे हाच एक मार्ग आहे असेही नाही. ओडिशात काही भागांत पूर झटकन येतो आणि आठपंधरा दिवसांत ओसरतो. तिथे पाण्याबरोबर धावण्यात अर्थ नाही. सगळी शिदोरी धावण्यातच संपायची. तिथल्या एका जुन्या गावरान भातातून निवडलेल्या 'एफ आर १३ ए' या वाणात असे जनुक २००६ साली ओळखले गेले, की जे पाण्याखाली लगाम उलट घट्ट करते. भात वाढ थांबवून निपचित पडून राहते आणि पाणी उतरले की पुन्हा पालवते. ते जनुक संकराने 'स्वर्णा' या लोकप्रिय वाणात आणले आणि २००९ साली भारतात 'स्वर्णा सब १' प्रसारित झाले. सुमारे दोन आठवडे बुडूनही ते तगते. हे जनुक आपल्याला मिळाले, कारण ते गावरान भात कोणीतरी फेकून दिले नव्हते.

माझा मुख्य मुद्दा इथेच आहे. आखूड पायांचे ते तैवानी भात तरी काय होते? खत मिळत नव्हते तेव्हा बुटक्या भातात विशेष असे काय होते? पेंढा थोडा आणि तणात दबून जायची भीती. तरीही तिथल्या शेतकऱ्यांनी त्याचे बी पिढ्यान्‌पिढ्या राखले. आज आपण उंच भाताविषयी जे म्हणतो तेच त्या काळी एखाद्या हिशेबी माणसाने त्या बुटक्या भाताविषयी म्हटले असते, आणि लोकांनी ते मानले असते, तर १९६२ साली जेनिंग्ज यांना संकरासाठी बी कुठून मिळाले असते? आय आर ८ चा दुसरा जन्मदाता, तो उंच पेटा, त्यालाही विसरू नका. रोपांचा जोम, कापणीपूर्वी दाण्यांना मोड येऊ न देणारी सुप्तावस्था आणि काही रोगांविरुद्धचा प्रतिकार हे गुण त्याच्याकडून आले. पेटाच्या स्वतःच्या आईबापांत 'लतिसेल' हे भारतीय भात होते. जयाची अर्धी वंशावळ ओडिशातल्या उंच भाताची. ज्या पेंढीला आपण प्रगत म्हणतो तिच्या अंगात अर्धे रक्त दुसऱ्या पेंढीचे आहे.

बुटकेपणाची किंमतही आता कळू लागली आहे. २०१८ साली चीनमधील शास्त्रज्ञांनी दाखवले की बुटक्या वाणांत जो लगाम शिल्लक राहतो, तो वाढीबरोबरच मुळांनी नत्र शोषून घेण्याचे कामही मंदावतो. म्हणजे ही वाणे खताचा भार सोसतात खरी, पण तेवढेच पीक देण्यासाठी खत मागतातही अधिक. न शोषलेले खत कुठे जाते? ओढ्यात, विहिरीत आणि हवेत. खताचे पोते कोण विकत घेतो हे तुम्ही तुमच्या घरी विचारू शकता. पेंढ्याचेही तसेच. ज्याच्या दारात दोन बैल आणि एक गाय आहे, त्याला भाताच्या उंचीत वैरण दिसते. तो घरी खायला एक खाचर उंच भाताचे ठेवतो, तेव्हा त्याला अडाणी म्हणणे मला तरी जमणार नाही. गोव्याच्या खाजणात, जिथे खाडीचे खारे पाणी शिरते, तिथे 'कोरगुट' हे उंच भात टिकते. सुधारित बुटकी वाणे तिथे खारटपणानेही जातात आणि साचलेल्या पाण्यानेही.

याचा अर्थ सर्वांनी पुन्हा उंच भात लावावे असा कोणी काढू नये. ज्या खाचराला पाणी बेताचे आणि खत पुरेसे मिळते, तिथे बुटके भात लावणे हेच शहाणपण आहे, आणि माझ्या आजीला जया दहा वर्षे आधी मिळाले असते तर तिच्या पुष्कळ रात्री चुलीपाशी गेल्या नसत्या. माझा आग्रह दोन गोष्टींपुरता आहे. उंच भाताचे बी आणि त्याचे नाव दोन्ही हरवू देऊ नका. बियाणे शीतगृहातल्या बाटलीत ठेवता येते. पण ते कोणत्या बांधाखाली, कोणत्या नक्षत्रावर, किती पाण्यात पेरायचे ही माहिती बाटलीत बसत नाही. ती म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात असते आणि त्यांच्याबरोबर जाते. दुसरी गोष्ट, शाळेच्या प्रदर्शनात, पुस्तकात, बोलण्यात 'चांगले जनुक', 'वाईट जनुक' असे शब्द वापरताना 'कुठे?' हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा. त्या दोन मुलींना मी तेवढे सांगायला हवे होते. परीक्षकाने नुसती सही करून येऊ नये.

या ऑक्टोबरात कापणीच्या वेळी एक काम करा. घरच्या किंवा शेजारच्या शेतातून, विचारून, एका बुटक्या आणि एका उंच भाताचे धाट बुंध्यापासून उपटून आणा. पानांचे आवरण वरून खाली हळूच सोलून काढा. पेरांवर शाईने खूण करा आणि प्रत्येक कांडे पट्टीने मोजा. वरचे कांडे आधी, मग त्याखालचे, असे करत जा. दोन धाटांत कांड्यांची संख्या वेगळी आहे, की संख्या तेवढीच पण लांबी वेगळी, हे तुम्हाला कळेल. शेवटचे आखूड कांडे मोजायला नखाने मुळे खरवडावी लागतील. मग कागदावर दोन्ही भातांची नावे लिहा. उंच भाताचे नाव घरात कोणालाच सांगता आले नाही, तर गावातल्या सर्वांत वयस्क शेतकऱ्याकडे ते धाट घेऊन जा. दाणा दाताखाली फोडून आणि लोंबी हातात धरून ते नाव सांगतील. ते कसे ओळखले, तेही विचारून लिहून ठेवा.